स्वस्त कुऱ्हाड घ्या, पण पारखून घ्या

पावसाळ्यापूर्वी अंगणातील वाळक्या फांद्या तोडायच्या, चुलीसाठी चार ढलप्या काढायच्या, एवढ्यासाठी घरात लहान कुऱ्हाड लागते. वर्षातून आठ-दहा दिवसांच्या कामासाठी महागडे हत्यार घेणे म्हणजे फिजूलखर्ची. मात्र स्वस्त माल पारखूनच घ्यावा, हे आम्ही ठेच खाऊन शिकलो.

मागे आठवडी बाजारातून आम्ही लाल रंगाची चकचकीत कुऱ्हाड आणली. चौथ्याच घावाला पाते दांड्यातून निसटले आणि अंगणात खेळणाऱ्या आमच्या नातवापासून हातभर अंतरावर पडले. अल्लाहने खैर केली. दांडा पाहिला तर पाचर ठोकलेलीच नव्हती. रंग खरवडला तर आत गाठ आणि चीर. आम्ही उभी हयात कापडात घालवली. खळ चढवलेले कापड दुकानात कडक दिसते आणि एका धुण्यात विरळ होते, हे आम्हाला ठाऊक. तरी कुऱ्हाडीच्या रंगाला भुललो!

त्यानंतर जाणत्या कारीगरांकडून जे समजून घेतले ते असे. घरकामाला पाते अर्धा ते पाऊण किलोचे आणि दांडा 14 ते 16 इंचांचा पुरे. दांडा बाभळीचा व बिनरंगाचा घ्यावा. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीने उभ्या धावत असाव्यात. त्या तिरक्या बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडतो. पाते ओतीव लोखंडाचे नको, ते ठिसूळ असते. ट्रकच्या जुन्या पाट्यातून लोहाराने घडवलेले पाते स्वस्तही पडते आणि टिकतेही. धारेवर कानस फिरवून पाहावी. ती लोण्यात शिरल्यासारखी चालली तर पाणी कमी, काचेवरून घसरल्यासारखी गेली तर पाणी जास्त. जराशी अडखळत चालली तर पाते योग्य. शेवटी कुऱ्हाड डोळ्यासमोर धरावी. धार आणि दांडा एका ओळीत दिसले पाहिजेत.

उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि पाते हलू लागते. पाण्यात भिजवून ते तात्पुरते घट्ट होते, सुकले की पुन्हा ढिले. तेव्हा नवी पाचर ठोकावी व दांड्याला जवसाचे तेल चोळावे. धार कानशीनेच लावावी. यंत्रावर कोरडी घासून धार निळी पडली की पाणी उतरले म्हणून समजा.

आता दोन शब्द विकणाऱ्या बांधवांसाठी. सुनन अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. एक गरजू अन्सारी मदत मागायला आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्या घरातील जाडेभरडे वस्त्र आणि प्याला दोन दिरहमला विकून दिला. एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्याचे कुऱ्हाडीचे पाते आणायला लावले, त्यात स्वतःच्या हाताने दांडा बसवला आणि त्यांना लाकडे तोडून विकायला पाठवले. पंधरा दिवसांत त्या माणसाने दहा दिरहम कमावले.

एका दिरहमची ती कुऱ्हाड स्वस्तच होती. पण तिच्यावर एका घराची रोजी उभी राहिली, कारण दांडा जबाबदारीने बसवलेला होता. आपण पाचर न ठोकता, चिरेवर रंग फासून माल विकला तर नफा चार रुपयांचा आणि जोखीम कुणाच्या तरी लेकराची. गिऱ्हाइकाला ऐब दाखवावा, दांडा घट्ट करून द्यावा आणि मगच पैसे घ्यावेत. बरकत त्यातच आहे.