गॅस्केटला सिलिकॉन किती लावायचं? कमी की जास्त?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

आधी किस्सा सांगतो. मागच्या पावसाळ्यात बाबांच्या जुन्या गाडीच्या ऑइल पॅनमधून ऑइल गळायला लागलं. एका गॅरेजमध्ये पॅन काढून, सीलंट लावून परत बसवून घेतला. गळती थांबली, आम्ही खूश! तीन आठवड्यांनी कात्रज घाटात डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. बाबांनी लगेच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. डिपस्टिक बघितली तर ऑइल बरोबर. मग झालं काय?

गाडी टो करून दुसऱ्या मेकॅनिक काकांकडे नेली. पॅन उघडला, तर ऑइल पंपाच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकलेले, अगदी शेवयांसारखे. काका म्हणाले, "तशीच रेटली असती ना, तर बेअरिंगं गेली असती."

म्हणजे गळती थांबवायला लावलेल्या सीलंटनेच इंजिन जवळपास घालवलं होतं. कारण साधं आहे. पॅन आवळला की जादा सिलिकॉन दोन्ही बाजूंना दाबून बाहेर येतं. बाहेरचं आपल्याला दिसतं, आतलं दिसत नाही. ते आत सुकतं, तुटतं आणि जाळीत जाऊन बसतं. जाळी तुंबली की ऑइल असूनही प्रेशर मिळत नाही.

कुठे काय लावायचं?

गॅरेजमध्ये ज्याला नुसतं 'सिलिकॉन' म्हणतात ते आरटीव्ही. ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं. पत्र्याचा ऑइल पॅन, टायमिंग कव्हर अशा ठिकाणी ते चालतं. घेताना ट्यूबवर 'सेन्सर सेफ' लिहिलंय का बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं. धातू गंजू शकतो, ऑक्सिजन सेन्सरलाही ते चांगलं नाही. आणि नुसत्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात.

दुसरा प्रकार अ‍ॅनेरोबिक. हे उलटं! हवा नसेल तेव्हाच सुकतं, म्हणजे मशीन केलेल्या दोन घट्ट धातूंच्या मध्ये. आत सांडलेलं ओलंच राहतं आणि ऑइलमध्ये मिसळून जातं. पण मोठी फट ते भरत नाही.

रबरी व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट सहसा कोरडंच बसवतात. फक्त जिथे टायमिंग कव्हर आणि हेड जुळतात, त्या कोपऱ्यांवर छोटा थेंब. आजकालच्या स्टीलच्या हेड गॅस्केटला तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याशिवाय काहीच लावायचं नाही.

लावायचं कसं?

१. जुनं सीलंट प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने काढा. घासायची डिस्क नको, तिची पूड ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जाते.
२. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू पुसा. ऑइलचा एक थेंब राहिला तरी सिलिकॉन धरत नाही.
३. साधारण ३ मिमी जाडीची सलग रेघ ओढा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. मध्ये तुटू देऊ नका.
४. ट्यूबवर दिलेल्या वेळेतच पॅन बसवा. वरून साय धरली तर पुसून परत लावा.
५. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. शेवटी टॉर्क रेंच.
६. ऑइल लगेच भरू नका. पूर्ण सुकायला बऱ्याचदा २४ तास लागतात.

शेवटची पायरी सगळे गाळतात, कारण गिऱ्हाईक संध्याकाळीच गाडी मागतं. आम्हीही तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू! या वेळी गाडी एक रात्र काकांकडेच ठेवली. आता पार्किंगमध्ये डाग नाही.

तुमची गाडी कामाला द्याल तेव्हा मेकॅनिकला एवढंच विचारा, "दादा, सीलंट कुठलं लावताय आणि सुकायला किती वेळ देणार?" आणि लाल दिवा लागला तर पुढचा पेट्रोल पंप शोधत बसू नका. इंजिन आधी बंद करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा!