नियम कुलपातच

मोठ्या रुग्णालयात रुग्णाचा अहवाल कोणाला दिसावा, हे सहसा सर्व्हर ठरवतो. डॉक्टर लॉगिन करतात, सर्व्हर अधिकार तपासतो, फाइल उघडतो. पण तोच सर्व्हर कोणी फोडला, किंवा सांभाळणाराच फितूर झाला, तर नियम नावापुरते उरतात.

अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी २००५ मध्ये दाखवले, की माणसाच्या गुणधर्मांवरच एन्क्रिप्शन बेतता येते. २००७ मध्ये जॉन बेथनकोर्ट यांच्यासह त्यांनी पुढचे पाऊल टाकले : ‘डॉक्टर असावा आणि हृदयरोग विभागातला असावा’ हा नियमच कूटबद्ध फाइलमध्ये गुंफला. मग फाइल कोणत्याही सर्व्हरवर ठेवा, अट पुरी न करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

हे घडते कसे? अहवाल नेहमीच्या वेगवान पद्धतीनेच कूटबद्ध होतो. नियमाखाली जाते ती फक्त त्याची किल्ली. ती एका गुप्त संख्येने झाकतात आणि त्या संख्येचे वाटे करतात. समजा संख्या ७ आहे. आलेखावर अशी रेषा काढा, जी उभ्या अक्षाला ७ वर छेदते आणि दर पावलाला ३ ने चढते. पहिल्या पावलावर ती १० वर असेल, दुसऱ्यावर १३ वर. १० हा वाटा ‘डॉक्टर’ या गुणधर्माला, १३ ‘हृदयरोग’ला. दोन्ही बिंदू हाती असले की रेषा ठरते आणि ७ सापडतो. एकाच बिंदूतून मात्र हव्या तितक्या रेषा जातात. वाटे करण्याची ही युक्ती आदी शमीर यांची, १९७९ मधली.

खरी अडचण इथून पुढे आहे. त्वचारोग विभागातला डॉक्टर आणि हृदयरोग विभागातली परिचारिका यांनी आपापल्या गुणधर्मांनुसार मिळालेल्या किल्ल्या एकत्र केल्या तर? दोघांकडे मिळून दोन्ही गुणधर्म आहेत! या पद्धतीतला सर्वांत सुंदर भाग मला इथेच दिसतो. किल्ली देताना प्रत्येकासाठी एक वेगळी यादृच्छिक संख्या निवडतात, आणि त्या माणसाच्या हाती येणारे वाटे तिने गुणलेले असतात. डॉक्टरची संख्या २ असेल, तर त्याला १० ऐवजी २० मिळतात. परिचारिकेची ५ असेल, तर तिला १३ ऐवजी ६५. या दोन बिंदूंतून जाणारी रेषा अक्षाला उणे २५ वर छेदते, म्हणजे भलतीकडेच. दोन्ही गुणधर्म एकाच माणसाचे असतील तर २० आणि २६ मिळतात, रेषा १४ वर पोहोचते, आणि त्याच्या किल्लीचा आणखी एक भाग तो गुणक काढून टाकतो. प्रत्यक्षात या संख्या प्रचंड असतात आणि घातांकांत दडलेल्या असतात, त्यामुळे त्या कोणाला उघड दिसत नाहीत.

एक दुखणे मात्र चिवट आहे. नोकरी सोडून गेलेल्या डॉक्टरची किल्ली परत कशी घ्यायची? गुणधर्माला मुदत जोडता येते, जुन्या फायली नव्याने कूटबद्ध करता येतात. पण त्याने आधीच उघडून घेतलेले परत मिळत नाही. शिवाय सगळ्या किल्ल्या देणारी संस्था स्वतः काहीही उघडू शकते. म्हणून ॲलिसन ल्युको आणि वॉटर्स यांनी २०११ मध्ये हे काम अनेक संस्थांत वाटले. डॉक्टर असल्याची किल्ली वैद्यक परिषद देईल, विभागाची रुग्णालय देईल. या संस्था एकमेकींशी बोलत नाहीत, मग समान गुणक आणायचा कुठून? तो त्या माणसाच्या ओळख क्रमांकातूनच काढला जातो, म्हणून दोन दारी मिळालेल्या किल्ल्या त्याच्याच हातात जुळतात.