पुणे-जुन्नर-नाणेघाट: पहाटे पाच ते रात्री नऊ

पहाटे ५.००
शिवाजीनगरला ठरलेल्या कोपऱ्यावर सतरा सीटची गाडी लागलेली असते. जानेवारीतला रविवार, थंडी चांगलीच. ड्रायव्हरमामा काचा आतून पुसत असतात आणि मी यादीवर खुणा करत एकेकाला गाडीत बसवते. आज कॉलेजची चार मुलं आहेत, दोघी बहिणी आहेत, आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेलं एक कुटुंब आहे आणि मार्केट यार्डात जन्मभर धान्याचा व्यापार केलेले एक काका काकूंसह आलेत. माझ्या पिशवीत दोन बॅटऱ्या, ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज आणि नाणेघाटच्या शिलालेखाच्या झेरॉक्स. साडेपाचला गाडी हलते. उशीर करणाऱ्यासाठी थांबलं, तर त्याची किंमत संध्याकाळी नाणेघाटात सगळ्यांना मोजावी लागते.

६.३०
चाकण मागे पडतं. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेशी झुंजवलेला संग्रामदुर्ग याच गावात आहे. पण गाडीतले सगळे झोपलेले असतात आणि मी त्यांना झोपू देते. माईक हातात घ्यायचा तो राजगुरुनगर ओलांडल्यावर.

७.१५
नारायणगाव. मिसळ, चहा. तमाशाच्या फडांचं आणि टोमॅटोच्या बाजाराचं हे गाव. अर्ध्या तासात सगळ्यांना पुन्हा गाडीत बसवायचं असतं. जुन्नरच्या फाट्याला वळल्यावर मी दिवसाचा मुद्दा सांगून टाकते: आज आपण एक जुना रस्ता पाहायला आलोय. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून माल निघायचा, नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. गड, लेणी, घाट हे सगळं त्या रस्त्याचंच आहे. बहुतेक सहलींत शिवनेरी इतिहास म्हणून, लेण्याद्री देवदर्शन म्हणून आणि नाणेघाट धबधब्यासाठी दाखवतात. तिन्ही ठिकाणं पाहून होतात, पण त्यांचा एकमेकांशी काय संबंध हे कुणाला कळत नाही. मला ते फार लागतं.

८.३०
शिवनेरी. पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाजाशी मी थांबते. त्यात ज्येष्ठांना दम घ्यायला मिळतो आणि मुलांना वाट कुठे वळते ते दिसतं. शिवाई देवीचं दर्शन घेऊन वर गेलं की पहिल्यांदा अंबरखाना लागतो, पडका. धान्याचं कोठार म्हटल्यावर यार्डातले काका थबकले. भिंतीची जाडी त्यांनी वितीने मोजली आणि ओल कशी लागू देत नसतील यावर माझ्यापेक्षा नेमकं बोलले. अशा वेळी मी गप्प बसते. सहलीत माहिती एकट्या गाइडनेच द्यायची असते असं थोडंच आहे?

पुढे गंगा-जमुना टाकी, मग जन्मस्थानाची इमारत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आठ वर्षांच्या मुलाने माझ्याआधी सांगितली. तिथे मी आवाज खाली आणते आणि भाषण करत नाही. प्रत्येकाला त्या खोलीत दोन मिनिटं स्वतःची मिळाली पाहिजेत. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात शिवनेरी आहे. तेव्हापासून गर्दी वाढली आहे आणि ती यावीच, फक्त पाण्याच्या टाक्यांत बाटल्या टाकणारा एकही माणूस त्यात नको.

कड्याच्या बाजूने मी सगळ्यांना समोरच्या डोंगरात लेण्याद्रीची लेणी दाखवते. शिवनेरीच्या स्वतःच्या पोटातही बौद्ध लेणी आहेत. गडाला तट-बुरुज चढले त्याच्या किती तरी शतकं आधी इथे भिक्खू राहत होते. त्या लेण्यांतल्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक, दात्यांची नावं आहेत. इरिल नावाच्या यवनाने इथे पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दान दिली. दूरदेशीचा माणूस या डोंगरात येऊन वाटसरूंच्या पाण्याची सोय करतो, याचं कारण तोच रस्ता.

दुपारी १२.१५
लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, माथ्यावर ऊन आणि माकडं. खाऊच्या पिशव्या गाडीतच ठेवायला लावते. अष्टविनायकांतला गिरिजात्मज सातव्या लेण्यात आहे. दर्शनाची रांग आटोपली की लोक परत उतरायला लागतात आणि मला त्यांना अक्षरशः हाताला धरून शेजारच्या सहाव्या लेण्यात न्यावं लागतं. तिथे चैत्यगृह आहे. खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि इतर प्राणी बसलेत आणि आत स्तूप आहे. दारावर ब्राह्मीत एक ओळ आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिलं अशी.

कल्याणच्या! आज लोकल पकडायला आपण जातो, त्या कल्याणच्या माणसाने घाट चढून इतक्या दूर येऊन पैसा खर्च केला. राजा नव्हे, मंत्री नव्हे. जुन्नरच्या लेखांत असेच व्यवसायवाले भेटतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं आहे. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे. मानमोडीच्या डोंगरात तर एका शक उपासकाने करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी जमिनीचं उत्पन्न श्रेणीकडे लावून दिल्याचा लेख आहे.

"म्हणजे ठेवच की ही," काका म्हणाले. "व्याज काय दराने?"

या लेखात दर नाही, पण नाशिकच्या लेण्यांत आहे. शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण. मुद्दल काढायचं नाही, व्याजातून भिक्खूंची वस्त्रं आणि किरकोळ खर्च चालवायचा. काकांनी पायरीवर उभ्या उभ्या वर्षाचा हिशेब केला. बारा टक्के आणि नऊ टक्के. मग म्हणाले, "ताई, हे लोक आमच्यातलेच होते."

२.३०
घाटघरला जेवण. वाटेत पूरच्या कुकडेश्वरापाशी दहा मिनिटं थांबलो. कुकडीचा उगम तिथे, कोरीव मंदिरही आहे, पण पोटात कावळे ओरडत असताना शिल्पं कुणी पाहत नाही. मावशींच्या पडवीत भाकरी, मासवडीचा रस्सा, इंद्रायणीचा भात. इथली वस्ती महादेव कोळी समाजाची. मावशींच्या अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला पाहून बहिणींतल्या एकीने विचारलं आणि मावशींनी ओंजळभर तिच्या हातात ठेवून झाडावरून उतरवण्यापासून विकण्यापर्यंत सगळं सांगितलं. डोंगरचा माल खाली बाजारात नेऊन विकायचा हा व्यवहार या भागात अजून चालू आहे. म्हणून जेवण मी जुन्नरच्या हॉटेलात ठेवत नाही.

३.४५
नाणेघाट. उजव्या-डाव्या अंगाला नानाचा अंगठा आणि जीवधन, मध्ये कातळाची खिंड, आणि तोंडाशीच तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात पडत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पावसाळ्यात इथे उलटा उडणारा धबधबा पाहायला एवढी झुंबड उडते की रांजण दिसतसुद्धा नाही. मी मुद्दाम हिवाळ्यात येते.

लेणं खिंडीतून थोडं खाली आहे. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याचे पुतळे होते. आज फार तर पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर कोरलेली नावं आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, महारठी त्रणकयिर. बाजूच्या दोन्ही भिंतींवर राणी नागनिकेचा तो मोठा लेख, दोन हजार वर्षांहून जुना. समोरून बॅटरी मारली तर नुसता खडबडीत दगड दिसतो. बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून प्रकाश आडवा सोडला की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि ओळी उभ्या राहतात. हात लावायचा नाही, हे मी आधीच बजावलेलं असतं.

मग झेरॉक्स वाटते. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आकडे या लेखात आहेत आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. कार्षापणांचा २४,४०० हा आकडा मुलांना भिंतीवर शोधायला लावते. वीस हजारांना एक चिन्ह, चार हजारांना दुसरं, चारशेला तिसरं. शून्य नाही, स्थानावरून किंमत ठरवायची पद्धतही नाही. आठ वर्षांच्या मुलाने विचारलं, "मग ते बेरीज कशी करायचे?" कॉलेजची मुलं त्याला उत्तर द्यायला कागद घेऊन बसली आणि माझं पुढचं बोलणं मी सोडून दिलं.

त्याच भिंतींवर अलीकडच्या लोकांनी आपली नावं खरवडली आहेत, आणि वर कुणीतरी स्पीकर लावून नाचत होतं. मी वर जाऊन, हात जोडून, स्पीकर बंद करायची विनंती केली आणि त्यांनाही खाली लेणं बघायला बोलावलं. दोघं आले. दुसरा काही उपाय मला दिसत नाही. लेख वाचता आला की माणूस त्यावर खिळा चालवत नाही.

५.१५
गाडी परत फिरते. अंधार पडायच्या आत जुन्नर गाठायचं असतं. पुढे उसाच्या शेतांच्या कडेला मी कुणालाच उतरू देत नाही, हा बिबट्याचा मुलूख आहे. लघुशंकेला थांबायचं ते नारायणगावात, उजेडात.

रात्री ८.५०
भोसरीच्या आसपास काका पुढच्या सीटवर येऊन बसले. घाट उतरून कोकणात जाता येतं का, असं त्यांनी विचारलं. येतं. फरसबंद वाट वैशाखरे गावापाशी कल्याणच्या रस्त्याला लागते. गाडी माळशेज घाटातून फिरवून खाली आणायची आणि आपण चालत उतरायचं. गुडघ्यांना त्रास होईल, सकाळी लवकर सुरुवात करावी लागेल, शिवनेरी त्या दिवशी वगळावा लागेल. मामांनी गाडी चालवता चालवताच माळशेजचे तास मोजून सांगितले. काका म्हणाले, मुक्काम जुन्नरला करू, यार्डातली आणखी दहा माणसं मी आणतो, तुम्ही फेब्रुवारीतली तारीख कळवा.