जबडा अचानक ठणकला तर…

कानापुढचा सांधा ठणकू लागला, की आधी तोंडातला खर्रा थुंकायचा. तासन्‌तास त्यातली सुपारी चघळून सांधा आणि स्नायू दोन्ही शिणतात. विदर्भात हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. दोन-चार दिवस मऊ खिचडी, वरण-भात. ओठ मिटलेले, दात मात्र एकमेकांपासून सुटे. ताज्या ठणक्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं, आखडलेल्या स्नायूंना ओला शेक. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा. जबडा अडकलाच, तर घरी ओढाताण नको. दंतवैद्य गाठा; नागपूर जिल्ह्यात हिंगणा तालुक्यातच वानाडोंगरी आणि डिगडोह इथे दंत महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जबड्याच्या ठणक्यासोबत छातीत दडपण, घाम असेल, तर सांध्याचा विचार सोडा आणि १०८ लावा.