बुडालेले ‘नियमित’ खाते

१९८७ साली मी मराठवाड्यातल्या एका शाखेत शेतीकर्ज अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात म्हशींसाठी कर्जे द्यायची, म्हशीच्या कानात विम्याचा बिल्ला मारून घ्यायचा आणि म्हैस दगावली तर पंचनाम्याला हजर राहायचे, हे माझे काम. एके सकाळी एक कर्जदार धापा टाकत शाखेत आला. “साहेब, पंचनामा करायचा तर आत्ताच चला. दुपारपर्यंत नुसता सांगाडा ऱ्हाईल.”

मला ती अतिशयोक्ती वाटली. गावाबाहेर, मेलेली जनावरे टाकायच्या माळावर पोहोचलो आणि थबकलो. बाभळींवर आणि जमिनीवर मिळून साठ-सत्तर तरी गिधाडे असतील. डॉक्टरांनी घाईघाईने तपासणी करून बिल्ल्याचा कान तेवढा काढून घेतला. कागदपत्रे पुरी होईपर्यंत खरोखरच फासळ्या उरल्या होत्या. मी नाकाला रुमाल लावलेला पाहून कर्जदार हसला. “ही हायेत म्हणून गावात घाण न्हाई, साहेब.”

दहा वर्षांनी त्याच भागात शाखाधिकारी म्हणून गेलो. माळ तोच, बाभळी त्याच. पण जनावरे सडत पडलेली आणि भोवती कुत्र्यांची झुंड. गिधाडे कुठे गेली, असे मी कुणाला विचारले नाही. ज्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, त्या पक्ष्याची चौकशी कोण करणार?

चौकशी करणारी माणसे सुदैवाने होती. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश भरतपूरच्या अभयारण्यात मोजदाद करीत होते. तिथे १९८७-८८ साली पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ जोडपी घरटी करीत होती. १९९६ साली ती दीडशेच्या आसपास उरली. पुढच्या पाहण्यांतून कळले, की १९९२ ते २००७ या काळात देशातली ही जात ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरले!

आधी संशय एखाद्या साथीवर होता. २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या संशोधकांनी खरे कारण शोधले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते दिलेले जनावर लगेच मेले, तर औषध मांसात उरते आणि गिधाडाच्या पोटात जाऊन त्याची मूत्रपिंडे निकामी करते. शंभरांतल्या एखाद्याच मृत जनावरात ते असले, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असे गणिताने दाखवून दिले. कारण एका जनावरावर थवाच्या थवा जेवतो.

हे वाचले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. “आबा, दुखणं अंगावर काढायला लावू नका, डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन घ्या,” असे मीच कितीतरी कर्जदारांना सांगितले होते. म्हैस उभी राहिली तर हप्ता येईल, एवढाच माझा हिशेब. सल्ला चुकीचा नव्हता. त्याची दुसरी बाजू कुठल्याच वहीत नोंदलेली नव्हती.

१९७३ साली वाघांसाठी प्रकल्प सुरू झाला, तो योग्यच होता. पैसा थोडा असला की दुर्मीळाला आधी वाचवावे लागते. पण बँकेत एक धडा मी फार उशिरा शिकलो. थकलेल्या कर्जांच्या फायली आपण रोज उघडतो. मोठे आणि नियमित खाते कुणी उघडून पाहत नाही. ते बुडते तेव्हा शाखाच हादरते. गिधाड हे असे नियमित खाते होते. हा जगातला बहुधा सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी, असे १९८५ साली त्याच्याविषयी लिहिले गेले होते.

या बुडीताची किंमतही मांडली गेली आहे. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली, असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. सडणारी जनावरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि रेबीज, अशी ही साखळी.

भरपाई मात्र फार संथ आहे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षे लागतात. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही. हरियाणात पिंजोरला जन्मलेली काही गिधाडे २०२४ साली ताडोबा आणि पेंचच्या जंगलात आणली गेली. कोट्यवधींचे भांडवल गमावून आपण आता पै-पै जमवतो आहोत.

तुमच्या गावाकडच्या गोठ्यात जनावर आजारी पडले, तर डॉक्टरांना जरूर बोलवा. फक्त मेलॉक्सिकॅम चालेल का, एवढे विचारा. ते गिधाडांना सुरक्षित आहे. तेव्हा मला हे ठाऊक असते, तर कर्जदारांना मीही तेच सांगितले असते.