हृदयाला ठिगळ : सही करण्याआधी हिशेब मांडा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती. वाणगाव स्टेशनवरून घरी आलो तर ओट्यावर पलीकडच्या आळीतल्या वहिनी बसलेल्या. मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची जाडजूड फाईल. चहा पुढे केला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही. म्हणाल्या, "भाऊ, हृदयाला ठिगळ लावतात म्हणजे काय हो? डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करून हृदयाचा आकार नीट करू. घराची जागा गहाण ठेवायची बोलणी झालीत. मंगळवारी सही द्यायची आहे."

मी डॉक्टर नाही. जमाखर्च लिहिणारा एक कारकून आहे. पण वस्तीत कोणी आजारी पडले की रेशनकार्डाच्या झेरॉक्स आणि दाखले घेऊन मुंबईच्या रुग्णालयांत खेटे घालण्याचे काम बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या फाईलच्या निमित्ताने डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो. उद्या अशी फाईल कोणाच्याही घरात येऊ शकते.

आकार का बिघडतो?

आमचे दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, वय ५२. तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. रात्रपाळीत छातीत दाटून आले, डावा हात भरून आला, दरदरून घाम सुटला. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा प्याले, गॅसची गोळी घेतली आणि पाळी पुरी केली. सुट्टी घेतली तर खाडा पडतो ना! दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता.

हृदयाला चार कप्पे असतात. खालच्या दोन कप्प्यांना जवनिका म्हणतात. त्यातली डावी जवनिका सगळ्या शरीराला रक्त पुरवते, म्हणून तिची भिंत जाड. या भिंतीला रक्त देणारी समोरची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की काही तासांत तिथला स्नायू मरतो. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो. हा व्रण आकुंचन पावत नाही. आतल्या दाबाने तो हळूहळू ताणला जातो, आणि काहींच्या हृदयाला तिथे फुगवटा येतो. डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात. आंब्यासारखी निमुळती असणारी जवनिका चेंडूसारखी गोल होत जाते. कप्पा जेवढा मोठा, तेवढा भिंतीवरचा ताण जास्त. आणि ताण जास्त म्हणून चांगला स्नायूही थकत जातो. मग दम लागतो, पाय सुजतात, रात्री उताणे झोपता येत नाही.

इको रिपोर्टात 'ई.एफ.' म्हणून आकडा असतो. जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, ते त्यात दिसते. निरोगी माणसात हा आकडा साधारण ५५ किंवा त्याहून जास्त असतो. दादांचा ३० होता.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

फुगलेला भाग काढून हृदय लहान करायचे, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनचे डॉ. डेंटन कूली यांनी १९५८ साली हार्ट-लंग मशीनच्या मदतीने असा फुगवटा कापून कडा शिवल्या. पण सरळ शिवण घातल्याने आतला आकार वेडावाकडा होई. मोनॅकोचे डॉ. व्हिन्सेंट डोर यांनी १९८० च्या दशकात वेगळी रीत काढली. व्रणावर चीर देऊन आत जायचे, गुठळी असेल तर काढायची, मेलेला आणि जिवंत स्नायू यांच्या हद्दीवर गोल टाका ओवून तोंड आवळायचे आणि उरलेल्या भोकावर कापडाचे ठिगळ शिवायचे. सोबत बहुधा बायपासही करतात. वहिनी म्हणत होत्या ते ठिगळ हेच.

नव्वदच्या दशकात ब्राझीलचे डॉ. रॅंडास बतिस्ता यांनी आणखी धाडसी प्रयोग केला. व्रण नसलेल्या, पण मोठ्या झालेल्या हृदयाचाही तुकडा कापून ते लहान करायचे. जगभर त्याचा गाजावाजा झाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने ६२ रुग्णांवर ही शस्त्रक्रिया करून प्रामाणिकपणे आकडे छापले. तीन वर्षांनी शंभरात सुमारे ६० रुग्ण जिवंत होते, पण हृदय पुन्हा निकामी न झालेले फक्त २६. ती पद्धत मागे पडली. नवीन ते सगळेच हिताचे नसते, हा धडा मात्र राहिला.

हजार रुग्णांचा हिशेब

डोर यांच्या पद्धतीचे आकडे मात्र सुरुवातीला आशादायक होते. अनेक रुग्णालयांनी मिळून १,१९८ रुग्णांची नोंद २००४ साली प्रसिद्ध केली. सरासरी ई.एफ. २९.६ वरून ३९.५ वर गेला. महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण ५.३ टक्के. पाच वर्षांनी शंभरात ६८ ते ६९ जण जिवंत होते.

हे वाचून कोणालाही वाटेल की ऑपरेशन करावेच. पण आम्हा हिशेबनिसांची एक सवय असते. एका बाजूची रक्कम पाहून ताळेबंद होत नाही. ज्यांचे फक्त बायपास केले, ठिगळ लावले नाही, त्यांचे काय झाले? दुसरी बाजू मांडल्याशिवाय नफा-तोटा कळणार कसा?

हीच दुसरी बाजू मांडण्यासाठी अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून एक मोठी चाचणी केली. तिचे नाव 'स्टिच'. ई.एफ. ३५ किंवा त्याहून कमी असलेल्या एक हजार रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. ४९९ जणांना फक्त बायपास, ५०१ जणांना बायपास अधिक जवनिकेची पुनर्रचना. निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. पुनर्रचना केलेल्यांच्या जवनिकेचे आकारमान १९ टक्क्यांनी घटले, नुसत्या बायपासवाल्यांचे ६ टक्क्यांनी. म्हणजे आकार सुधारला, यात शंका नाही. पण साधारण चार वर्षांत मृत्यू किंवा हृदयासाठी पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण एका गटात ५९ टक्के, दुसऱ्यात ५८ टक्के. मृत्यू दोन्हीकडे २८ टक्के. दम लागणे, चालण्याची ताकद यांतही दोन्ही गट सारखेच सुधारले.

खर्चाचा हिशेबही निघाला. अमेरिकेतल्या रुग्णांमध्ये पुनर्रचनेचे बिल नुसत्या बायपासपेक्षा १४,५०० डॉलरहून अधिक रकमेने वाढले. मुख्य कारण म्हणजे अतिदक्षता विभागातले सुमारे चार जादा दिवस. अधिक खर्च, अधिक दिवस, आणि आयुष्य तेवढेच!

काही शल्यचिकित्सकांनी या निकालावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते चाचणीत जवनिका पुरेशी लहान केली गेली नाही, आणि खरा मोठा फुगवटा नसलेले रुग्णही घेतले गेले. या म्हणण्यात तथ्य असू शकते. पण त्यातूनही एकच गोष्ट निघते. हे ऑपरेशन सरसकट करायचे नाही, निवडून करायचे आहे.

धोके कोणते?

छाती उघडून, हृदय थांबवून करायचे हे काम आहे. रक्तस्राव, छातीच्या हाडाला जंतुसंसर्ग, मेंदूला झटका, मूत्रपिंड बंद पडणे हे धोके मोठ्या हृदय-शस्त्रक्रियेत असतातच. आधीच कमजोर असलेले हृदय यंत्रावरून उतरवताना जोर धरत नाही. मग बलून पंपाचा आधार द्यावा लागतो. ठोके बिघडून जीवघेणी लय येऊ शकते. कप्पा गरजेपेक्षा लहान शिवला गेला तर त्यात रक्तच पुरेसे भरत नाही आणि दम कायम राहतो. उलट काहींचा कप्पा काही वर्षांत पुन्हा फुगतो, किंवा आतली झडप गळू लागते. ई.एफ. खूप कमी, मूत्रपिंड कमजोर, हृदयाचा उजवा भागही थकलेला, अशांना धोका अधिक.

मग हे कोणाला उपयोगी?

काहींना ते नक्कीच उपयोगी आहे. समोरच्या भिंतीला स्पष्ट, मोठा फुगवटा असेल, बाकीचा स्नायू चांगला चालत असेल, आणि औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही दम जात नसेल, तर अनुभवी शल्यचिकित्सक हा मार्ग सुचवतात. फुगवट्यातून जीवघेणी लय उठत असेल, किंवा औषध घेऊनही गुठळ्या सुटत असतील, तरीही विचार होतो. भिंत फाटून बाहेरच्या आवरणाने कसाबसा अडवलेला 'खोटा फुगवटा' असेल, तर मात्र उशीर चालत नाही; तो फुटू शकतो. म्हणून हा लेख वाचून कोणी परस्पर ऑपरेशन नाकारू नये. विचारून, समजून निर्णय घ्यावा, एवढेच सांगणे.

दादांचे काय झाले?

मंगळवारी सही झाली नाही. बुधवारी पहाटेच्या गाडीने आम्ही तिघे मुंबईला निघालो. शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास, दादा खिडकीशी, वहिनींच्या मांडीवर फाईल. एका सरकारी रुग्णालयाच्या हृदयविभागात दोन दिवस रांग लावली. सरकारी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की भारतातले पहिले मानवी हृदयारोपण १९६८ साली मुंबई महापालिकेच्या के.ई.एम. रुग्णालयातच डॉ. पी. के. सेन यांनी केले होते. तो रुग्ण काही तासच जगला, पण हे ज्ञान आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत तेव्हापासून आहे.

पुन्हा इको झाला, एमआरआय झाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून वहिनींना समजावले. "मावशी, काकांची भिंत कमजोर आहे, पण तिला मोठा फुगवटा नाही. त्यातला बराच स्नायू अजून जिवंत आहे. त्याला रक्त मिळाले तर तो काम करेल. ठिगळाची गरज नाही." पहिल्या ठिकाणी एवढे चित्र कोणी काढून दाखवले असते तर जागा गहाण टाकण्याची पाळीच आली नसती.

दादांचे फक्त बायपास झाले, तेही सरकारी योजनेतून. आज ई.एफ. ३८ आहे. जड काम बंद झाले. आता एका गोदामावर बसून नोंदी ठेवतात. पगार कमी झाला. मीठ जास्त झाले की पाय सुजतात. रोज सहा गोळ्या आहेत, आणि त्या जन्मभर आहेत. कहाणी गोड झाली असे मी म्हणणार नाही. पण माणूस घरात आहे आणि घराची जागाही आहे.

सही करण्यापूर्वी विचारा

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या :

१. खरा फुगवटा आहे का? कोणत्या तपासणीत दिसला? एमआरआयची गरज आहे का?

२. बायपास केला आणि ठिगळ लावले नाही तर काय फरक पडेल?

३. हृदय निकामी होण्यावरची सगळी औषधे पूर्ण मात्रेत देऊन पाहिली का? २००९ नंतर या औषधांत मोठी भर पडली आहे.

४. तुम्ही स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या? किती रुग्ण घरी गेले?

५. अतिदक्षता विभागात जादा दिवस लागले तर खर्च किती वाढेल?

६. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का? रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र असतो. त्याला भेटल्याशिवाय एक पैसाही भरू नका.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी आजच पगाराची पावती काढून पाहावी. ईएसआयची कपात होत असेल तर आपला विमा क्रमांक चालू आहे का, घरच्यांची नावे त्यात आहेत का, याची खात्री करा. ठेकेदार कपात करतो आणि पुढे भरत नाही, हे कळते ते माणूस स्ट्रेचरवर असताना.

शेवटी सगळ्यात महत्त्वाचे. ठिगळ लावण्याची वेळ येते ती भिंत मेल्यामुळे, आणि भिंत मरते ती उशिरामुळे. छातीत दाटणे, हात-जबडा भरून येणे, घाम फुटणे, असे झाले तर सोडा पिऊन पाळी पुरी करू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी पहिल्या काही तासांत झाली तर स्नायू वाचतो. एक खाडा पडला तर एका दिवसाचा पगार जातो. दादांनी त्या रात्री तो वाचवला, आणि त्याची भरपाई आज रोज सहा गोळ्यांनी चालू आहे.