धुळीच्या देशातली बिली जो

दोस्तांनो, तुमच्या घरी जेवायची ताटं कशी मांडतात? ‘हा काय प्रश्न झाला! सुलटी मांडतात,’ असंच म्हणाल ना? पण आज ज्या मुलीची ओळख मी तुम्हांला करून देणार आहे, तिच्या घरी ताटं पालथी मांडत. पेलेसुद्धा पालथे. अन्न अगदी वाढायच्या क्षणाला ती उलटी करायची आणि भराभर जेवून घ्यायचं. कारण जरा उशीर झाला, की ताटात भाजीबरोबर धूळ! बटाट्यावर मिरपूड टाकल्यासारखी धूळ. दुधाचा रंग तर असा, की कुणी त्यात चॉकलेट ढवळलंय असं वाटावं. दारंखिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबायची, रात्री तोंडावर ओलं कापड घेऊन झोपायचं, आणि सकाळी उठून बघावं तर उशीवर डोक्याच्या जागेभोवती धूळ साचलेली!

ही मुलगी म्हणजे बिली जो. वय तेरा-चौदा. राहणार अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका शेतावर. काळ १९३४-३५ चा. ती खरी नाही बरं का, एका पुस्तकातली आहे. पुस्तकाचं नाव ‘आउट ऑफ द डस्ट’, म्हणजे ‘धुळीतून बाहेर’. लेखिका कॅरन हेस. १९९७ साली हे पुस्तक निघालं आणि १९९८ मध्ये त्याला ‘न्यूबेरी पदक’ मिळालं. अमेरिकेतल्या ग्रंथपालांची संघटना मुलांच्या उत्तम पुस्तकाला १९२२ पासून हे पदक देते. जॉन न्यूबेरी नावाचे एक गृहस्थ अठराव्या शतकात लंडनमध्ये मुलांसाठी पुस्तकं छापून विकत, त्यांचं नाव या पदकाला दिलेलं आहे.

बिली जो खरी नसली, तरी ती धूळ मात्र अगदी खरी होती.

धूळ आली कुठून?

अमेरिकेच्या मधोमध मैलोन् मैल सपाट गवताळ प्रदेश आहे. हजारो वर्षं तिथं गवत उगवत होतं. पाऊस कमीच. पण गवताची मुळं खोल गेलेली आणि एकमेकांत गुंतलेली. त्यांनी माती घट्ट धरून ठेवलेली होती. वारा कितीही सुटला, तरी माती जागची हलत नसे.

मग पहिलं महायुद्ध आलं. गव्हाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांनी गवत नांगरून काढलं आणि गहू पेरला. ट्रॅक्टर आल्यावर तर काय विचारता, नांगरटीला सुमारच राहिला नाही. काही वर्षं पाऊस बरा झाला, पिकं आली, सगळे खूश! पण १९३० नंतर पावसानं पाठ फिरवली. गहू जळून गेला. खाली उरली नुसती उघडी माती आणि ती धरून ठेवायला गवताचं एक मूळही शिल्लक नाही. वारा सुटला तशी ती माती आकाशात उठली. ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको या राज्यांतल्या या पट्ट्याला लोक ‘डस्ट बोल’, म्हणजे ‘धुळीचा वाडगा’ म्हणू लागले. १९३४ च्या मे महिन्यातलं एक वादळ एवढं मोठं होतं, की त्याची धूळ थेट न्यूयॉर्क शहरापर्यंत पोचली. १४ एप्रिल १९३५, रविवारचा दिवस. त्या दुपारी काळ्याकुट्ट धुळीची भिंतच्या भिंत चालून आली आणि भरदिवसा रात्र झाली. तो दिवस इतिहासात ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडचे आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगतात. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’. त्यांना विचारा, कोरड्या आभाळाकडे रोज बघणं म्हणजे काय असतं. बिली जोचे वडील असेच आभाळाकडे बघत असतात.

कवितेत कादंबरी?

आता या पुस्तकाची खरी गंमत सांगतो. ही आहे कादंबरी, पण सगळी कवितांमध्ये लिहिलेली! बिली जो रोजनिशी लिहावी तशा छोट्या छोट्या कविता लिहिते. खाली महिना आणि साल. हिवाळ्यात सुरुवात होते, आणि एकेक ऋतू करत दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूपर्यंत गोष्ट पोचते.

‘बाप रे! म्हणजे पाठांतर?’ घाबरू नका. इथं यमक नाही, वृत्त नाही. हा मुक्तछंद आहे. बोलावं तशा ओळी, फक्त मोजक्या. आणि कवितेत गोष्ट सांगणं आपल्याला काही नवीन नाही. शाहिरांचे पोवाडे आठवा. जात्यावर दळताना पणजी ओव्या म्हणायची, त्यांत तिचं माहेर, तिचा भाऊराया, तिची सगळी सुखदुःखं असायची. मनात जे दाटून येई, पण चारचौघांत बोलता येत नसे, ते ओवीत येई. बिली जोचंही तसंच आहे. तिच्याजवळ जातं नाही, वही आहे.

शिवाय त्या लोकांच्या आयुष्यात सगळंच मोजकं होतं. पाणी मोजकं, पैसा मोजका, बोलणंही मोजकं. अशा घराची गोष्ट पाल्हाळ लावून कशी सांगणार? म्हणून शब्दही काटकसरीनं वापरलेले आहेत.

बिली जोजवळ आणखी एक गोष्ट आहे. पियानो! लग्नात तिच्या वडिलांनी आईला भेट दिलेला. आई वाजवायची ते ऐकत ऐकत बिली जो शिकली. पण आई वाजवायची हळुवार, आणि बिली जोचा हात म्हणजे धडाक्याचा. तिचं वाजवणं ऐकून लोक तिला कार्यक्रमांना बोलावू लागतात. आई मात्र कौतुकाला जरा कंजूष. परीक्षेत पोरीनं पहिला नंबर काढला, तरी आई एवढंच सुचवते, की मला हे ठाऊकच होतं. बिली जो खट्टू होते. आपल्याकडेही अशा आया असतात, नाही का?

रॉकेलची बादली

आणि मग तो दिवस येतो. वडिलांनी चुलीजवळ रॉकेलची बादली ठेवलेली असते. आईला वाटतं पाणीच आहे. कॉफी करायला म्हणून ती ते ओतते, आणि भडका उडतो. आई वडिलांना हाका मारत बाहेर धावते. घर पेटेल या भीतीनं बिली जो ती पेटती बादली उचलते आणि दाराबाहेर फेकते. त्याच क्षणी आई परत दाराकडे येत असते...

बिली जोचे दोन्ही हात भाजतात. आई तर फारच भाजते. आईला दिवस गेलेले असतात. काही दिवसांनी बाळ जन्माला येतं आणि आई जाते. पाठोपाठ ते इवलंसं बाळही जातं. बिली जोचा चौदावा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याच महिन्यात हे दोघं जातात.

शेजारच्या बायका मदतीला येतात. आपसांत कुजबुजतात : बादली पोरीनं फेकली. अपघातच तो, असंही म्हणतात. पण बिली जोला त्यामागचं ऐकू येतं. बादली तिथं ठेवली कुणी, हे मात्र कुणीच बोलत नाही. आई वेदनेनं तळमळत पाणी मागत होती, तेव्हा वडील घरातले साठवलेले पैसे घेऊन दारू प्यायला गेले होते, हेही बिली जो विसरू शकत नाही.

आता त्या घरात दोनच माणसं. दोघांचंही दुःख एकच, पण दोघं बोलत नाहीत. वडील एकटेच शेतात मोठा खड्डा खणत बसतात. आईला घराजवळ एक तळं हवं होतं ना, ते तळं! बिली जो पियानोजवळ जाते, पण बोटं वळत नाहीत. तिला वडिलांचा राग येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

दोस्तांनो, ही गोष्ट दुःखाची आहे, हे मी लपवत नाही. पण पुस्तकातली एक जागा बघा. पोट भरायला दूर निघालेलं एक कुटुंब धुळीच्या वादळामुळे शाळेच्या वर्गातच मुक्कामाला थांबतं. मुलं त्यांच्यासाठी घरून काही ना काही घेऊन येतात. त्या घरातल्या बाईला बाळ होणार असतं. बिली जो काय आणते? आईनं आपल्या बाळासाठी शिवून ठेवलेली झबली! ती झबली देताना तिला काय वाटलं असेल, याचा जरा विचार करा. मोठं होणं म्हणतात ते हेच असेल का?

पळून जाणं आणि परत येणं

एका स्पर्धेत बिली जो भाजक्या हातांनी पियानो वाजवते आणि तिसरं बक्षीस मिळवते. हात ठणकत असतात. वाटतं, आता सगळं ठीक होणार. पण गोष्टीतही आणि आयुष्यातही, दुःख एका बक्षिसानं जात नाही. वडिलांच्या अंगावर विचित्र डाग दिसू लागतात. तिचे आजोबा त्वचेच्या कर्करोगानं गेलेले. वडील डॉक्टरकडे जायचं नावच काढत नाहीत. हेही मला सोडून जाणार, या भीतीनं आणि रागानं एका रात्री बिली जो घर सोडते. मालगाडीच्या डब्यात चढते आणि पश्चिमेची वाट धरते.

डब्यात तिला एक माणूस भेटतो. तोही बायकामुलांना सोडून निघालेला. ती त्याला आपल्याजवळची बिस्किटं देते, त्याची हकिकत ऐकते. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात येतं, की हा माणूस घर सोडून गेला. पण माझे वडील? सगळं संपल्यावरही ते तिथंच राहिले, त्याच मातीत. गवतासारखे, मुळं धरून! अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावी ती गाडीतून उतरते आणि परतीची वाट धरते.

ती वडिलांना माफ करते. सगळ्यांत अवघड काम, म्हणजे स्वतःला माफ करणं, तेही हळूहळू शिकते. आणि वडील? ते डॉक्टरकडे जायला तयार होतात. पियानोचं पुढं काय झालं, ते मात्र मी सांगणार नाही. ते तुम्हीच वाचा.

त्या मातीचं काय झालं, ते सांगतो. एप्रिल १९३५ मध्येच अमेरिकेत मृदसंधारणाचा कायदा झाला. शेतकऱ्यांनी उताराला आडवी नांगरट सुरू केली, पुन्हा गवत लावलं, वारा अडवायला झाडांच्या लांबच लांब रांगा उभ्या केल्या. पुढं पाऊसही परतला. माती सावरायला वेळ लागला. माणसांनाही तसाच वेळ लागतो.

आई-बाबांसाठी थोडंसं

‘एवढं दुःखाचं पुस्तक मुलांना कशाला द्यायचं?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. पण घरात कुणी गेलं, की आपण काय करतो? ‘मुलांना कळू देऊ नका’ म्हणतो आणि त्यांना शेजाऱ्यांकडे पाठवतो. मुलांना सगळं कळलेलं असतं. कळत नाही ते एवढंच, की याबद्दल बोलायचं कुणाशी. मग मूल आपल्या मनाशीच ठरवतं, की माझंच काहीतरी चुकलं असणार. बिली जोच्या वडिलांनी चार शब्द बोलायला वर्ष लावलं. आपण एवढा उशीर करू नये. ‘मलाही तिची आठवण येते’ एवढं एक वाक्य मुलाला पुरतं. पुस्तक आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून वाचा. भाजण्याचा प्रसंग लहान मुलांना झेपणार नाही, पण बारा-तेराच्या पुढच्यांना हरकत नाही.

आपल्याकडेही याच सुमाराला, १९३३ साली, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. आई गेल्यानंतर मागं राहिलेल्या मुलाचीच ती आठवण. ते वाचून पिढ्यान् पिढ्या रडल्या, आणि त्यामुळे कुणाचं वाईट झालं नाही!

आता तुमची पाळी

दोस्तांनो, तुमचंही कुणी गेलं असेल. आजी, आजोबा, लाडका कुत्रा, किंवा गाव सोडून गेलेला जिवलग मित्र. एक वही घ्या. यमक जुळवत बसू नका, अलंकार शोधू नका. त्यांच्याबद्दलची एकच गोष्ट आठवा : आजीच्या चष्म्याची दोरी, आजोबांची पानाची चंची, मोतीची पाण्याची वाटी. त्याबद्दल आठ-दहा छोट्या ओळी लिहा, आणि खाली बिली जोसारखा महिना आणि साल घाला. कुणाला दाखवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

पण मनात राग असेल, किंवा ‘माझंच चुकलं’ असं वाटत असेल, तर वहीवर थांबू नका. आई, बाबा, ताई, आवडते सर, जे कुणी जवळचं असेल त्याच्याजवळ जा आणि बोला. मालगाडीत बसून फ्लॅगस्टाफपर्यंत जायची काही गरज नाही. शेजारच्या खोलीपर्यंत गेलं, तरी पुष्कळ झालं!